बर्फाच्या गावातला पहिला हिवाळा: नव्याने राहायला आलेल्यांसाठी

मराठी बोलताना आपल्याला एकच शब्द पुरतो: बर्फ. आकाशातून कापसासारखा उतरतो तोही बर्फ आणि फ्रीजरच्या साच्यात गोठतो तोही बर्फच. बर्फाळ प्रदेशातल्या एखाद्या लहान उपनगरात राहायला आलात की पहिल्या आठवड्यातच कळतं, या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. तिथे वर्षानुवर्षं राहिलेली मराठी माणसंसुद्धा घरी बोलताना 'स्नो' आणि 'आइस' असे दोन शब्द वापरतात. मीही या लेखात तेच वापरणार आहे, कारण सगळी गोष्ट या दोहोंमधल्या फरकाची आहे.

स्नो भुसभुशीत असतो, त्याच्यात हवा भरलेली असते, आणि तो झाडूनेही लोटता येतो. आइस म्हणजे दगड. आणि बहुतेक वेळा आजचा स्नो हाच उद्याचा आइस असतो. पायाखाली दाबला गेला, टायरखाली चेपला गेला, दुपारच्या उन्हात जरासा पाझरून रात्री परत गोठला, की रूप बदललंच. दहा मिनिटांत होणारं काम मग पहारीने फोडत बसावं लागतं. हिवाळ्यातली जवळपास सगळी कामं या दोन अवस्थांच्या मधल्या काही तासांत उरकायची असतात. ही वेळ साधता आली तर जोरदार हिमवृष्टीच्या गावातही माणूस सुखाने राहतो.

पावसात वाढलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट नवी असते. पावसाचं पाणी वाट काढून निघून जातं. स्नो जागेवर बसून राहतो. डिसेंबरमध्ये बाजूला लोटलेला ढीग मार्चपर्यंत तिथेच असू शकतो आणि जानेवारीतला स्नो त्याच्यावर चढतो. त्यामुळे पहिल्याच खेपेला, ढीग अजून लहान असताना, पुढचे ढीग कुठे घालायचे ते ठरवून टाका. पहिला ढीग ड्राइव्हवेच्या (रस्त्यापासून घरापर्यंतच्या गाडीच्या वाटेच्या) अगदी कडेला घातला तर तिसऱ्या वादळापर्यंत गाडीपुरतीही जागा उरत नाही.

पहिला स्नो पडायच्या आधी

पानगळ संपत आली की ही कामं करा. जमीन गोठल्यावर यातली अर्धी करता येत नाहीत.

बागेच्या नळाला लावलेला पाइप काढा. बाहेरच्या नळाचा आतल्या बाजूला वेगळा कॉक असेल तर तो बंद करून बाहेरचा नळ उघडा ठेवा, म्हणजे मधलं पाणी निघून जाईल. पाणी गोठताना आकारमानाने सुमारे ९ टक्के वाढतं, त्यामुळे बंद नळीत अडकलेलं पाणी तांब्याची नळीसुद्धा फाडतं. आणि घरात पाणी येणारी मुख्य नळी बंद करणारा व्हॉल्व्ह कुठे आहे तो आजच शोधा, घरातल्या प्रत्येकाला दाखवा, एकदा फिरवून बघा. नळी फुटते त्या क्षणी तो शोधायला वेळ नसतो.

छताच्या पन्हाळ्यांतली सडकी पानं काढा. ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना उंच काठ्या रोवा, शक्यतो चमकणाऱ्या पट्टीच्या. फूटभर स्नो साचला की हिरवळ कुठे संपते आणि फरसबंदी कुठे सुरू होते हे दिसत नाही, मग फावडं गवतात घुसतं किंवा स्नो ब्लोअर, म्हणजे स्नो खेचून दूर फेकणारं यंत्र, दगडावर आपटतं.

धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा असे दोन्ही डिटेक्टर तपासा, बॅटऱ्या बदला. घर भाड्याचं असेल तर घरमालकाला स्पष्ट विचारा: स्नो कोण काढणार, फुटपाथ कोणाच्या जबाबदारीत येतो, भट्टी म्हणजे फर्नेस शेवटची कधी तपासली. नव्या माणसाला असे प्रश्न विचारायला संकोच वाटतो. पण करारात हे लिहिलेलं नसेल तर पहिल्या वादळानंतर वाद ठरलेला.

मग नगरपालिकेचे नियम वाचा. ते गावागावाला वेगळे असतात, पण विषय साधारण सारखेच. घरासमोरचा फुटपाथ किती तासांत मोकळा करायचा, हिवाळ्यात रात्री रस्त्यावर गाडी लावता येते का, मोठ्या हिमवादळात कोणत्या रस्त्यांवर पार्किंग बंद असतं, उचललेला स्नो रस्त्यावर टाकलेला चालतो का (बहुतेक ठिकाणी चालत नाही). संदेशाने सूचना मिळण्याची सोय असेल तर नाव नोंदवा. रात्री चुकीच्या जागी उभी राहिलेली गाडी सकाळी एकतर उचलून नेलेली असते, नाहीतर प्लाऊने, म्हणजे रस्त्यावरचा स्नो पात्याने लोटणाऱ्या ट्रकने, तिच्याभोवती स्नोची भिंत बांधलेली असते.

सामान वेळेवर घ्या. वादळाच्या आदल्या दिवशी दुकानातली फावडी संपलेली असतात. फावडी दोन लागतात: एक रुंद आणि वाकडं, ढकलण्यासाठी; दुसरं लहान आणि मजबूत, उचलण्यासाठी. दोन्हीऐवजी एकच मोठं घेतलं तर कंबर धरते. आइस खरवडण्याची पाती, मिठाची गोणी, वाळू, गाडीसाठी ब्रश आणि खरवडणी, एवढं झालं की निम्मी तयारी झाली.

अंदाज वाचायला शिका

'२० सेंटिमीटर स्नो' हा आकडा एकटा फारसं सांगत नाही. त्याच्याबरोबर तापमान आणि वारा बघा. शून्याच्या आसपास पडणारा स्नो ओला आणि जड असतो, गोळे वळायला छान आणि उचलायला वाईट. उणे १० च्या खाली पडणारा कोरडा, पिठासारखा असतो. तो उचलायला सोपा, पण वाऱ्याने उडून मोकळी केलेली जागा परत भरून टाकतो. पावसाने सुरुवात होऊन मग स्नो येणार असेल तर सर्वांत सावध राहा, कारण खाली आइसचा थर आणि वर त्याला झाकणारा स्नो अशी जोडी तयार होते.

'ब्लिझर्ड' हा शब्द केवळ भरपूर स्नोसाठी नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या व्याख्येत ताशी ३५ मैल म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर वेगाचा वारा आणि पाव मैलाहूनही कमी दृश्यता, हे दोन्ही किमान ३ तास टिकावं लागतं. नवा स्नो न पडताही जमिनीवरचा स्नो उडून ब्लिझर्ड होऊ शकतं. अशा वेळी स्वतःच्या अंगणातही वाट चुकते.

मोठ्या तलावांच्या काठच्या गावांत आणखी एक प्रकार असतो, तो म्हणजे तलावामुळे पडणारा स्नो. न गोठलेल्या, उबदार पाण्यावरून थंड वारा गेला की तो ओलावा उचलतो आणि काठावर अरुंद पट्ट्यांत ओततो. नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोजवळ दक्षिणेच्या काही उपनगरांत ५ फुटांहून जास्त स्नो साचला, आणि त्याच वेळी थोड्याच मैलांवर शहराच्या उत्तर भागात जेमतेम काही इंच होता. म्हणून शेजारच्या गावातला मित्र 'इथे काहीच नाही' म्हणाला म्हणून बाहेर पडू नका. आपल्या गावापुरतं रडारचं चित्र बघा.

आदल्या दिवशीची कामं थोडी आहेत. गाडीची टाकी निम्म्याहून जास्त भरलेली ठेवा, फोन आणि पॉवर बँक चार्ज करा, औषधं आठवडाभराची आहेत ना ते पाहा, गाडी रस्त्यावरून आत घ्या, फावडं घराच्या आत आणून ठेवा. या शेवटच्या कामाला मी फार महत्त्व देतो. फावडं बाहेरच्या खोपटात आणि खोपटाचं दार स्नोखाली, अशी वेळ येते.

पडत असतानाच काढा

नवीन माणसाला वाटतं, आधी पूर्ण पडू दे, मग एकदाच काढू. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मीही तेच केलं. रात्रभर पडलेला स्नो, त्यावर पहाटेचा हलका पाऊस, आणि सकाळी पारा घसरलेला. वरचा थर कवचासारखा घट्ट झाला होता. जे काम रात्री दोन खेपांत झालं असतं त्याला तीन दिवस लागले, आणि त्या तीन दिवसांत टपालवाल्या बाई आमच्या पायऱ्यांवरून घसरता घसरता वाचल्या. ते दृश्य अजून आठवतं.

आता हिशेब बघा. १२ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद ड्राइव्हवेवर २० सेंटिमीटर स्नो म्हणजे १२ घनमीटर. ताज्या कोरड्या स्नोचं वजन घनमीटरला १०० किलोच्या आसपास धरलं तर हे १२०० किलो झालं. ओल्या स्नोचं वजन सहज तिप्पट असतं, म्हणजे ३६०० किलो. एका फावड्यात ५-६ किलो आले तर कोरड्या स्नोच्या दोनशेहून अधिक खेपा आणि ओल्याच्या सहाशेहून अधिक. कोणाचंही शरीर एका दमात हे करायला बनलेलं नाही. दर १०-१२ सेंटिमीटरला एकदा बाहेर पडून ढकलून आलात तर एकूण वजन तेवढंच राहतं, पण ते उचलण्याऐवजी लोटता येतं, आणि मधे शरीराला विसावा मिळतो.

ढकला, उचलायचंच असेल तर अर्धं फावडं भरा. गुडघ्यात वाका, फावडं अंगाजवळ धरा. कंबर पिळून खांद्यावरून मागे फेकू नका, पाय वळवून संपूर्ण अंगाने वळा. फावड्याला सिलिकॉनचा फवारा किंवा मेण लावलं तर ओला स्नो चिकटत नाही.

आणि इथे थांबून एक गोष्ट मनापासून सांगतो. स्नो काढताना दर हिवाळ्यात माणसं हृदयविकाराच्या झटक्याने जातात. थंड हवेने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हात वर करून जड उचलण्याने हृदयावरचा ताण एकदम चढतो, आणि उचलताना आपण नकळत श्वास रोखतो. एरवी व्यायामाची सवय नसलेला, चाळिशी ओलांडलेला, मधुमेह किंवा रक्तदाब असलेला माणूस सकाळी उठून थेट बाहेर जातो, कारण ऑफिसला उशीर होत असतो. तुम्हाला यातलं काही लागू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय फावडं उचलू नका. पैसे देऊन काम करून घ्या, यात कमीपणा काही नाही. भरपेट जेवून किंवा सिगारेट ओढून बाहेर जाऊ नका, आधी घरातच पाच मिनिटं हातपाय हलवा, दर पंधरा मिनिटांनी थांबा. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अकारण धाप, घाम, मळमळ, यातलं काहीही झालं की फावडं तिथेच टाका आणि आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. 'एवढं काढून मग बघतो' असं म्हणू नका. आपले आईवडील काही महिन्यांसाठी आलेले असतील तर कौतुकाने फावडं हातात घेणाऱ्या वडिलांना प्रेमाने, पण ठामपणे घरात पाठवा.

स्नो ब्लोअर असेल तर एकच नियम कधीही मोडू नका: नळकांड्यात स्नो अडकला तर तिथे हात घालायचा नाही. इंजिन बंद असलं तरीही नाही, कारण अडकलेल्या पात्यांत ताण साठलेला असतो आणि अडथळा निघताच ती झटक्याने फिरतात. यंत्राबरोबर मिळणारी काठी याच कामासाठी असते. यंत्र गॅरेजमध्ये सुरू ठेवू नका, आणि गरम इंजिनात पेट्रोल ओतू नका.

प्लाऊची भिंत

तासभर खपून ड्राइव्हवे मोकळा केला, आत जाऊन चहा ठेवला, आणि बाहेरून प्लाऊ गेला. तोंडाशी गुडघाभर उंच, ढेकळांची, रस्त्यावरच्या मिठाने ओली भिंत उभी राहिली. याचा राग येतो. पण चालकाला दुसरा पर्याय नसतो. त्याचं पातं स्नो रस्त्याच्या कडेला ढकलणार आणि तुमच्या ड्राइव्हवेचं तोंड त्या कडेलाच आहे.

यावर एक युक्ती आहे. प्लाऊ ज्या दिशेने येतो त्या बाजूला, ड्राइव्हवेच्या आधी, रस्त्याच्या कडेने तीन-चार मीटर लांबीची जागा मोकळी करून ठेवा. पात्यावर साचलेला बराचसा स्नो त्या खिशात पडतो आणि तुमच्या तोंडाशी थोडाच उरतो. आणि तुम्ही काढलेला स्नो प्लाऊ येतो त्या बाजूला न टाकता पुढच्या बाजूला टाका, नाहीतर तोच परत लोटून येईल. भिंत आलीच तर लगेच काढा. हा स्नो दाबलेला आणि ओला असतो, एका रात्रीत तो आइस होतो.

आमच्या गल्लीत प्लाऊ उशिरा का येतो, असं पहिल्या वर्षी प्रत्येकाला वाटतं. क्रम साधारण असा असतो: आधी हमरस्ते, मग दवाखाने, शाळा आणि बसचे रस्ते, मग वस्तीतले रस्ते, आणि सर्वांत शेवटी बंद गल्ल्या. पडणं चालू असेपर्यंत तो पहिल्या रस्त्यांवरच फिरत राहतो.

तोंड मोकळं झालं की दोन मिनिटं आणखी द्या. घरासमोर आग विझवण्याच्या पाण्याचा हायड्रंट असेल तर त्याच्याभोवती मीटरभर जागा आणि रस्त्यापर्यंत वाट मोकळी करा. मुलांना रस्त्याकडेच्या ढिगात बोगदे खणू देऊ नका. प्लाऊच्या चालकाला आतलं मूल दिसत नाही, आणि बोगदा कोसळला तर आतून आवाजही येत नाही.

मीठ: कधी, किती

मीठ स्नो काढण्यासाठी नसतं. आधी स्नो लोटायचा, मग उरलेल्या पातळ थरावर मीठ. त्याहून चांगलं म्हणजे पडायच्या आधीच थोडं टाकणं, म्हणजे आइस जमिनीला चिकटत नाही.

साधं मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. ते किती काम करतं हे तापमानावर ठरतं. उणे १ अंशाला एक किलो मीठ सुमारे ४६ किलो आइस वितळवू शकतं. उणे ७ च्या सुमाराला तेच एक किलो जेमतेम ८-९ किलो. उणे ९-१० च्या खाली ते इतकं मंद होतं की गोणी रिकामी केली तरी फरक दिसत नाही. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड वापरतात. ते पाण्यात मिसळताना उष्णता सोडतं आणि उणे २५ च्या आसपासही चालतं. त्याहून थंडीत, किंवा मीठ टाकायचंच नसेल तर, वाळू टाका. वाळू वितळवत नाही, पण पायाला पकड देते आणि ती पकड लगेच मिळते.

जास्त मीठ टाकल्याने काम जलद होत नाही. दाणे एकमेकांपासून दोन-तीन बोटं लांब पडले तरी पुरतात. उरलेलं मीठ वितळलेल्या पाण्याबरोबर ओढ्यात आणि विहिरीत जातं, झाडांची मुळं जाळतं, नवीन काँक्रीटचे पोपडे काढतं आणि कुत्र्यांचे पंजे सोलतं. कुत्रं फिरवून आणलं की पाय कोमट पाण्याने धुवा.

घराची चारी बाजूंनी फेरी मारा

स्नो काढून झाला की आत जाण्याआधी घराला एक फेरी मारा. ही दोन मिनिटांची फेरी मी सर्वांत महत्त्वाची मानतो, आणि नव्या घरात आलेल्या बहुतेकांना तिच्याबद्दल कोणी सांगत नाही. आजच्या बऱ्याच फर्नेसचा आणि पाणी तापवण्याच्या यंत्राचा धूर छतावरच्या धुराड्यातून न जाता भिंतीतून निघालेल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या नळीतून जातो. ती नळी जमिनीपासून फूट-दोन फुटांवर असते. वाऱ्याने तिच्यासमोर स्नो साचला तर फर्नेस बंद पडते, आणि वाईट योग असेल तर कार्बन मोनॉक्साइड घरात येतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकेदुखी, गरगरणं, मळमळ, सगळ्या घराला एकाच वेळी 'फ्लू' झाल्यासारखं वाटणं, या त्याच्या खुणा आहेत. डिटेक्टर वाजला की खिडक्या उघडत बसू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर या आणि मग फोन करा. कपडे वाळवण्याच्या यंत्राची बाहेरची झडप आणि गॅसचा मीटरही मोकळा ठेवा. मीटरवर फावडं मारू नका, हाताने किंवा ब्रशने झाडा.

वर बघा. छतावर जाड स्नो साचला असेल आणि घरातली ऊब माळ्यातून वर झिरपत असेल, तर छताला टेकलेला थर वितळतो, पाणी खाली ओघळतं आणि थंड कडेवर येऊन गोठतं. कडेला आइसचा बांध तयार होतो, त्याच्यामागे पाणी साचतं आणि कौलांखालून घरात शिरतं. छतावरून लोंबणारे मोठे मोठे सुळे सुंदर दिसतात, पण ती याचीच खूण असू शकते. जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या छत-फावड्याने कडेचा मीटरभर स्नो ओढून काढा. स्वतः छतावर चढू नका, शिडीवर उभे राहून आइस ठोकू नका. कायमचा उपाय माळ्यातल्या उष्णतारोधक थरात आणि वायुवीजनात असतो; तो पुढच्या उन्हाळ्यात करून घ्या.

नळ्यांचं पथ्य सोपं आहे. पारा फार घसरणार असेल त्या रात्री बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालची कपाटं उघडी ठेवा, म्हणजे खोलीची ऊब नळीला मिळेल, आणि तो नळ अगदी बारीक धारेने सोडून ठेवा. वाहतं पाणी गोठायला वेळ लागतो, आणि गोठलंच तरी उघड्या नळामुळे मधे दाब साठत नाही. गावाला जाणार असाल तर हीटिंग पूर्ण बंद करू नका, १३ अंशांखाली नेऊ नका. नळी गोठलीच तर नळ उघडा ठेवून, नळाच्या टोकापासून मागे मागे सरकत केस वाळवण्याच्या यंत्राने गरम करा. ज्योत लावू नका. अशा प्रकारे घरं जळाली आहेत.

गाडी

हिवाळी टायर घ्या. सुमारे ७ अंशांखाली साध्या टायरचं रबर कडक होतं आणि पकड सोडतं, मग रस्ता कोरडा असला तरी. टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं, ते बघून घ्या. चारही चाकांना सारखेच लावा. चारही चाकांना ताकद पोहोचवणारी गाडी निघायला मदत करते, थांबायला करत नाही. मोठ्या गाड्या खड्ड्यात पडलेल्या दिसतात त्याचं हे एक कारण.

निघण्यापूर्वी पूर्ण गाडी झाडा, फक्त काचेपुरतं भोक पाडून निघू नका. टपावरचा थर ब्रेक मारताच पुढच्या काचेवर येतो, किंवा वेगात उडून मागच्या गाडीवर आदळतो. दिवे आणि कॅमेरे पुसा. काचेवर कढत पाणी ओतू नका, ती तडकते. इंजिन सुरू करण्याआधी मागची धूर सोडणारी नळी मोकळी आहे ना ते पाहा. दार उघडं असलं तरी गॅरेजमध्ये गाडी तापत ठेवू नका. विजेची गाडी असेल तर ती प्लगवर असतानाच आतून गरम करून घ्या, आणि थंडीत तिचा पल्ला लक्षणीय घटतो हे धरून निघा.

चालवताना सगळं हळू आणि एका वेळी एकच. वळणाआधी सरळ रस्त्यावर वेग कमी करा, मग वळा, मग हलकेच वेग द्या. पुढच्या गाडीपासून किमान ८ सेकंदांचं अंतर ठेवा. पूल रस्त्याच्या आधी गोठतात, कारण त्यांना वरून आणि खालून दोन्हीकडून थंड हवा लागते. रस्ता नुसता ओला, काळा, चमकदार दिसतोय आणि तरी समोरच्या टायरखालून तुषार उडत नाहीत, तर तो काळा आइस आहे. घसरलात तर नजर आणि स्टिअरिंग जिथे जायचंय तिकडे ठेवा, ॲक्सिलरेटर सोडा. ब्रेकचं पेडल थरथरायला लागलं तर ती एबीएसची, म्हणजे ब्रेक मारताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेची खूण आहे, पाय उचलू नका. प्लाऊच्या मागे अंतर ठेवून चला; त्याने साफ केलेला रस्ता त्याच्यामागेच असतो.

गाडीत कांबळी, टॉर्च, लहान फावडं, वाळूची पिशवी, फोनची केबल, पाणी आणि सुका खाऊ ठेवा. वादळात अडकलात तर गाडी सोडून चालत जाऊ नका. फेब्रुवारी १९७८ च्या वादळात अमेरिकेतल्या बॉस्टनजवळच्या रूट १२८ या महामार्गावर तीन हजारांहून जास्त गाड्या अडकल्या होत्या, आणि त्या वादळात गाडीत अडकलेली काही माणसं थंडीने न मरता कार्बन मोनॉक्साइडने मेली, कारण इंजिन चालू होतं आणि धुराची नळी स्नोने बुजली होती. तासाला साधारण १० मिनिटंच इंजिन चालवा, दर वेळी आधी नळी मोकळी करा, वाऱ्याच्या उलट बाजूची काच जराशी खाली ठेवा. ॲंटेनाला किंवा दाराला भडक रंगाचं फडकं बांधा.

अंगावर काय

एका जाड कोटापेक्षा तीन थर बरे. आतला घाम शोषून बाहेर टाकणारा (सुती नको, सुती कपडा ओला राहतो आणि गारठवतो), मधला लोकरीचा किंवा फ्लीसचा, बाहेरचा वारा अडवणारा. बोटं एकत्र राहणारे मिटन हातमोज्यांपेक्षा जास्त ऊब देतात. बूट थोडे सैल असू द्या. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि पाय लवकर गोठतात.

नुसतं तापमान न बघता वाऱ्यासह जाणवणारी थंडी बघा. उणे २० अंशांत ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या त्वचेला ती उणे ३३ सारखी लागते, आणि तेवढ्यात अर्ध्या तासाच्या आत कातडी गोठू शकते. नाक, कान, गाल, बोटं पांढरी पडून बधिर झाली तर घरात या आणि कोमट पाण्यात ठेवा. चोळू नका, हीटरसमोर धरू नका, कारण बधिर कातडीला भाजल्याचं कळत नाही. माणूस थरथरायचा थांबून बरळायला लागला किंवा पेंगायला लागला तर ती शरीराचं तापमान धोकादायक उतरल्याची खूण, लगेच फोन करा.

आइसवर चालताना पावलं छोटी, पाय पसरट टेकवलेले, वजन पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर. बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात, ते दाराशी ठेवा. मात्र गुळगुळीत फरशीवर जाण्याआधी काढा, तिथे ते उलट घसरवतात.

वीज गेली तर

ओला स्नो फांद्या मोडतो, फांद्या तारा तोडतात. एका खोलीत सगळे एकत्र या, दारं लावा, फटींत टॉवेल कोंबा. कोळशाची शेगडी, बार्बेक्यू किंवा बाहेर वापरायचा गॅस-हीटर घरात आणू नका, गॅरेजमध्येही नाही. जनरेटर घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून किमान ६ मीटर दूर. फ्रीज उघडला नाही तर आतलं चार तास टिकतं, भरलेला फ्रीजर सुमारे दोन दिवस.

शेजारी एकटी वृद्ध व्यक्ती असेल तर दार वाजवून या. लहान गावात बर्फाच्या दिवशी ओळखी होतात, तेवढ्या वर्षभरात होत नाहीत. तुमच्याकडे फावडं आहे आणि त्यांच्याकडे चाळीस हिवाळ्यांचा अनुभव.

वितळायला लागलं की

दुपारी पागोळ्या गळायला लागल्या की लोक निर्धास्त होतात, आणि नेमके याच दिवसांत पाय मोडतात. दिवसा वितळलेलं पाणी वाटेवर पसरतं आणि संध्याकाळी सूर्य गेला की काचेसारखं गोठतं. उतार बघून ठेवा: कुठल्या ढिगातलं पाणी पायवाटेवर येतं? तो ढीग हलवा, किंवा पाण्याला गवताकडे जायला फावड्याने एक चर काढून द्या. मीठ टाकायचं असेल तर संध्याकाळी चारच्या सुमाराला, गोठण्याच्या आधी. रस्त्याकडेची पाण्याची जाळी स्नोखाली कुठे आहे ते शोधून मोकळी करा, नाहीतर सगळं पाणी तळघराकडे वळतं; तळघरात पंप असेल तर त्यात बादलीभर पाणी ओतून तो चालू होतो का ते पाहा. छताखालून चालताना वर नजर ठेवा, उबदार दुपारी सुळे आणि अख्खे थर एकदम सुटतात.

हिवाळी टायर पहिल्या उन्हाळी वाटणाऱ्या आठवड्यात काढू नका, सकाळचं तापमान सलग ७ अंशांच्या वर राहायला लागलं की काढा. आणि फावडं खोपटात न्यायच्या आधी पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज बघा.